उघडलंच आहे तर

दत्ताराम मेस्त्री आमच्या घरी यायचे तेव्हा माझ्या पोटात गोळा यायचा. माणूस वाईट नव्हता. उलट दुबईपलीकडच्या फुजैऱ्यातल्या आम्हा दहा-बारा मराठी कुटुंबांत त्यांच्याइतका सरळ माणूस दुसरा नव्हता. पण त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम चार बारीक स्क्रूड्रायव्हर असायचे, आणि घरात पाऊल टाकलं की कुठे काय खडखडतंय हे त्यांच्या कानांना आधी कळायचं. एकदा मिक्सरचं बटण अडकतंय असं मी सहज बोलून गेले. बटण पाच मिनिटांत नीट झालं. मग त्यांनी मिक्सर उलटा केला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "उघडलंच आहे तर..."

हे वाक्य ते कधी पुरं करत नसत. तासाभराने माझ्या ओट्यावर मिक्सरचा एकेक भाग वर्तमानपत्रावर ओळीने मांडलेला होता, वाटायचं खोबरं ताटात तसंच पडलेलं, आणि मेस्त्री एक वॉशर उजेडाकडे धरून त्याच्याशी पुटपुटत होते. जेवायच्या वेळेपर्यंत मिक्सर असा चालू लागला की नवा होता तेव्हाही तसा चालला नव्हता. आम्ही मात्र त्या दिवशी कोपऱ्यावरच्या मल्याळी कॅफेटेरियातून पराठे मागवून जेवलो.

आम्ही दोघं एकाच ऑइल टर्मिनलवर नोकरीला. मी लॅबमध्ये, जहाजांना भरायच्या इंधनाचे नमुने तपासायला. मेस्त्री कॅलिब्रेशनला. म्हणजे टाक्यांवरचे आणि पाइपांवरचे जे शेकडो काटे दाब, पातळी, तापमान दाखवतात, ते खरं बोलतायत की थापा मारतायत हे बघणं त्यांचं काम. वय अठ्ठावन्न, बायको कुडाळला, मुलगा पुण्यात, आणि हे इथे कंपनीच्या फ्लॅटमध्ये एकटे. टर्मिनलच्या आत मला 'मॅडम' म्हणायचे आणि गेटच्या बाहेर पडलं की कोकणातल्यासारखं लाडाने 'बाय'. माझी मुलगी ईशा त्यांना मेस्त्रीकाका म्हणायची, तिचं ऐकून मीही तेच म्हणू लागले.

काट्यांचं हे वेड घरचंच होतं. त्यांच्या वडिलांचं कुडाळला पेटी दुरुस्तीचं दुकान होतं. पंचक्रोशीतल्या भजनी मंडळांच्या पेट्या तिथे यायच्या. पेटीत एकेका सुराला दोन-दोन पितळी पत्त्या असतात, आणि त्या दोन्ही इतक्या मिळाल्या पाहिजेत की दोन आहेत हे ऐकणाऱ्याला कळता कामा नये. एक जराशी वर राहिली की आवाज थरथरतो, हेलकावे खातो. त्याला मेस्त्री 'लाट' म्हणत. लाट राहिली तर त्यांचे वडील पायातली वहाण काढायचे. लाट मोजायला घड्याळ नाही, उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर ठेवून मोजायची, हेही वडिलांनीच शिकवलेलं. टर्मिनलवरच्या एखाद्या पंपाचा आवाज बिघडला की मेस्त्री तसेच मनगटावर बोटं ठेवून त्याच्यासमोर उभे राहायचे. नवीन आलेल्या पोरांना वाटायचं, म्हाताऱ्याला चक्कर आली.

त्यांची दुसरी सवय लाल पेनाची. कॅलिब्रेशनच्या रजिस्टरमध्ये सगळे निळ्या शाईने लिहायचे. मेस्त्रींच्या खिशात एक लाल पेनही असायचं, आणि ते फक्त स्वतःच्या चुका लिहायला. दुसऱ्याची चूक त्यांनी त्या पेनाने कधी लिहिली नाही.

त्या पेनाची ताकद मी एका जुलैच्या दुपारी बघितली. एक जहाज धक्क्याला लागलं होतं आणि त्यातलं तेल आमच्या एका टाकीत येत होतं. मी नमुन्याच्या बाटल्या घ्यायला कंट्रोल रूममध्ये गेले, तर मेस्त्री स्क्रीनसमोर मनगटावर बोटं ठेवून उभे. टाकीतली पातळी जितक्या वेगाने चढायला हवी तितक्या वेगाने चढत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. तेल तर येतंय, मग जातंय कुठे? कुणाला काही कळायच्या आत त्यांनी पुढे होऊन स्टॉपचं बटण दाबलं.

पुढची वीस मिनिटं मला आजही जशीच्या तशी आठवतात. रेडिओवर जहाजाचा कॅप्टन ओरडत होता, दारातून टर्मिनल मॅनेजर ओरडत आत आला. काटा तर सांगतोय की टाकीत भरपूर जागा आहे, कुणाच्या परवानगीने थांबवलंस, असं तो विचारत होता. मेस्त्री एवढंच म्हणत राहिले की वर माणूस पाठवा आणि टेप सोडून मोजा. शेवटी एकजण त्या उन्हात टाकीच्या जिन्याने वर चढला. रेडिओवर त्याचा श्वास ऐकू येत होता. मग त्याने आकडा सांगितला. टाकी भरून वाहायला वीतभर अंतर उरलं होतं.

मॅनेजरने खुर्ची ओढली आणि मटकन बसला. जरा वेळाने त्याने विचारलं, हा काटा कुणी पास केला होता? मेस्त्रींनी रजिस्टर उघडलं. आठवड्यापूर्वीची सही त्यांचीच होती. त्यांनी लाल पेन काढलं आणि सगळ्यांसमोर, टेबलावर वाकून, सावकाश लिहिलं की तपासणी घाईत झाली, चूक माझी. मॅनेजर आता मऊ झाला होता. लिहू नका, काही झालं तर नाही ना, असं तो परत परत म्हणत होता. मेस्त्री टोपण लावत म्हणाले, "झालं नाही, हे तुम्ही निळ्या शाईत लिहा. चूक लाल शाईतच राहणार."

अशा माणसाच्या हातून जे झालं ते सांगायला आज मी बसले आहे.

आमच्याकडे रायनर नावाचे जर्मन इंजिनियर होते. टाक्यांचे पत्रे तपासायचे. नऊ वर्षं फुजैऱ्यात काढून ते निवृत्त होऊन कायमचे परत जाणार होते. उंच, अबोल, सँडलमध्ये मोजे घालणारे. यंदा गणपतीला मी त्यांना घरी बोलावलं. त्यांनी गुपचूप तीन मोदक खाल्ले, चौथ्याला नको म्हणाले, आणि मग खिशातून रुमालात गुंडाळलेला माउथऑर्गन काढला. गणपतीसमोर गाणं म्हणतात असं त्यांनी ऐकलं होतं, म्हणून आणला होता.

त्या संध्याकाळी ते नऊ वर्षांत बोलले नसतील इतकं बोलले. त्यांचं गाव दक्षिण जर्मनीतल्या डोंगरात. हिवाळा लांब, शेतं बर्फाखाली. त्यांच्या आजोबांच्या काळी घरोघरी बायका-मुलं खिडकीशी बसून कारखान्यासाठी माउथऑर्गनच्या पत्त्या बसवायची. चर्चमध्ये मोठा ऑर्गन होता, पैसेवाल्यांकडे अकॉर्डियन होता. पण मेंढपाळाच्या, खाणकामगाराच्या, या गावाहून त्या गावाला पायी काम शोधत जाणाऱ्या कारागिराच्या खिशात हेच वाद्य असायचं. त्यांची लोकगीतं या वाद्याच्या अंगाने वाढली असं रायनर म्हणाले. कारण फुंकलं की सुरांचा एक मेळ मिळतो, श्वास आत ओढला की दुसरा, आणि गावातल्या बहुतेक गाण्यांना, नाचाच्या चालींना या दोहोंपेक्षा जास्त काही लागतच नाही. ज्याला श्वास घेता येतो त्याला साथ करता येते, असं त्यांचे वडील म्हणायचे. वडील एकतीस वर्षं त्याच कारखान्यात सूर लावायला बसत होते, आणि हा माउथऑर्गन त्यांनी स्वतःच्या हाताने लावून, रायनर पहिल्यांदा घर सोडून निघाले तेव्हा त्यांच्या खिशात घातला होता.

रायनरनी आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेक सूर सावकाश वाजवून बघितला. वरच्या एका सुरावर आवाज अर्धाच आला, तेव्हा ते हसले आणि म्हणाले की इथे वाळू गेली आहे. मग त्यांनी एक गाणं वाजवलं. गाव सोडून निघालेल्या कारागिराचं, निरोपाचं. त्या आवाजात एक थरथर होती. गाणारा रडू आवरतोय आणि तरी गातोय असं वाटायचं. आमच्या बायका हातात ताटल्या घेऊन होत्या तिथेच उभ्या राहिल्या. मला तर रडूच आलं, आणि ते मी लपवलंही नाही. ईशा फोनवर सगळं शूट करत होती. एकटे मेस्त्री डोळे मिटून, दात दुखत असल्यासारखा चेहरा करून बसले होते. निघताना चपला घालता घालता मला हळूच म्हणाले, "सुंदर वाजवलं गो बाय. पण लाट फार आहे."

मला तेव्हाच कळायला हवं होतं.

रायनर जायच्या आदल्या आठवड्यात, गुरुवारी सुट्टी झाल्यावर, त्यांनी गेटवर मेस्त्रींना गाठलं. मी शेजारी लॉकरमधून माझा फोन काढत होते. टर्मिनलच्या आत फोन न्यायला बंदी, म्हणून आमचं सगळं जगणं त्या लॉकरपाशी थांबलेलं असायचं. रायनरनी तो रुमाल मेस्त्रींच्या हातात ठेवला आणि वरच्या त्या अडकलेल्या सुरावर बोट ठेवलं. पुढच्या शुक्रवारी विमान होतं. गावी पोचल्यावर वडिलांच्या जुन्या सोबत्यांबरोबर वाजवायचं होतं.

"ओन्ली दिस वन, मिस्टर मेस्त्री," ते म्हणाले. मग थांबून परत म्हणाले, "ओन्ली दिस वन."

मेस्त्रींनी हो म्हणून मान हलवली. ती त्यांनी मनापासून हलवली होती, याबद्दल मला आजही शंका नाही.

रविवारी संध्याकाळी ते आमच्याकडे आले ते चेहरा फुलवून. मी चहा टाकला. त्यांनी रुमाल सोडला, वाद्य ओठाला लावलं, आणि खालपासून वरपर्यंत वाजवत गेले. प्रत्येक सूर स्वच्छ आणि सरळ. दोऱ्याने आखून घेतल्यासारखा. ईशा आतून अभ्यास सोडून बाहेर आली.

"काका, व्हॉट डिड यू डू? इट साउंड्स डेड."

"डेड कसं गो? आता कुठे सुरात आलाय. वाळूचा कण निघाला दोन मिनिटांत. पण आत बघतो तर एकेका सुराच्या दोन पत्त्या, आणि सोळाच्या सोळा जोड्या एकमेकींशी भांडतायत. सगळी लाट काढली. उघडलंच होतं तर..."

ईशाने गणपतीतलं शूटिंग लावलं. तो थरथरता आवाज खोलीत आला. मग तिने फोनवरच काहीतरी शोधलं आणि वाचून दाखवलं. मेस्त्रींनी ते मराठीत सांगायला लावलं, म्हणून मी सांगितलं. या जातीच्या माउथऑर्गनमध्ये दोन पत्त्यांपैकी एक मुद्दाम किंचित वर ठेवतात. थरथर हाच त्याचा आवाज. ती किती ठेवायची हे लावणारा कानाने ठरवतो, आणि प्रत्येक लावणाऱ्याच्या हाताची थरथर वेगळी असते.

मेस्त्रींनी कप खाली ठेवला. तो बशीत नीट बसला नाही, चहा सांडला, त्यांनी बघितलंही नाही.

"बापाचा हात होता तो," ते म्हणाले. "मी खरवडून काढला."

मी त्यांना समजवायला लागले. मी अशा वेळी फार बोलते. म्हटलं, शूटिंग आहे ना आपल्याकडे, चार संध्याकाळी आहेत, होतं तसं परत लावा. आणि त्यांना सांगू नका. शुक्रवारी ते जातील, इतक्या वर्षांच्या ओळखीत मिठाचा खडा कशाला? मेस्त्रींनी शूटिंगचं तेवढं ऐकलं. दुसऱ्या गोष्टीवर ते काहीच बोलले नाहीत, आणि मला ते तेव्हा बरं वाटलं.

सोमवारी कामावरून ते थेट आमच्याकडे आले. त्यांच्या फ्लॅटमध्ये शेजारच्या एसीची घरघर ऐकू यायची, म्हणून आमचं स्वयंपाकघर ठरलं होतं. आम्ही एसी बंद केला, पंखा बंद केला, फ्रीजचाही प्लग काढला. फुजैऱ्यात त्या दिवसांत एसी बंद करणं म्हणजे काय, हे इथल्यांनाच कळेल. दहा मिनिटांत आम्ही तिघं घामाने निथळत होतो. घामाचा थेंब पत्तीवर पडू नये म्हणून मेस्त्रींनी कपाळाला पंचा बांधला.

काम असं होतं. पत्ती मुळाशी खरवडली की सूर उतरतो, टोकाशी खरवडली की चढतो. वरची पत्ती खाली आणायला त्यांनी सोळाच्या सोळा पत्त्या मुळाशी खरवडल्या होत्या. आता त्याच पत्त्या टोकाशी खरवडून पुन्हा चढवायच्या. दोन्ही वेळा पितळच कमी होणार, आणि ते मुळात कागदाएवढं पातळ. जास्त झालं की पत्ती तुटणार, आणि त्या जुन्या वाद्याची पत्ती फुजैऱ्यात काय, दुबईतही मिळाली नसती.

ईशा शूटिंगमधला एकेक सूर अर्ध्या वेगाने वाजवायची. मेस्त्री मनगटावर बोटं ठेवून लाटा मोजायचे, त्याची दुप्पट करायचे, आणि एका कागदावर लिहायचे. मग खरवडायच्या बारीक पातीने एक घासा, फुंकर, ऐकणं, पुन्हा मोजणं. एका सुराला अर्धा-पाऊण तास जायचा. एरवी बडबडून डोकं खाणारी माझी पोरगी तीन दिवस कुजबुजत बोलत होती.

मंगळवारी अकराव्या सुराला पाती टेकली आणि टिक असा आवाज झाला. मेस्त्री थिजले. ईशाने माझा हात धरला. नवरा नेमका तेव्हाच कामावरून आला. दारातूनच एसी का बंद म्हणून विचारणार होता, पण आमचे चेहरे बघून तो बूट हातात घेऊन तिथेच उभा राहिला. मेस्त्रींनी भिंग लावून बघितलं. पत्ती तुटली नव्हती, एक कडा किंचित दुमडली होती. त्यांनी ती नखाने सरळ केली, ओठाला लावून अगदी हळू फुंकली. सूर आला. नवऱ्याने बूट खाली ठेवले.

बुधवारी संध्याकाळपर्यंत पंधरा सूर झाले. सोळावा राहिला. तोच, रायनरनी दुरुस्तीला दिलेला. गणपतीच्या दिवशी त्याची एक पत्ती अडकलेली होती, म्हणून शूटिंगमध्ये त्याची थरथर नव्हतीच. ईशाने उपाय सुचवला, की आजूबाजूच्या दोन सुरांच्या लाटा मोजून मधला आकडा घ्यायचा. कुणालाही कळणार नाही.

"मी ऐकला होता तो," मेस्त्री म्हणाले. "वाळू काढल्यावर पहिल्यांदा वाजवला तेव्हा. पण चूक म्हणून ऐकला. मोजला नाही."

ते बराच वेळ तो सूर वाजवत राहिले. सरळ, एकटा. मग त्यांनी वाद्याचं झाकण बसवायला घेतलं. मी म्हटलं, अहो, अंदाजाने लावा ना थोडा. ते माझ्यावर पहिल्यांदाच आणि एकदाच चिडले. "दुसऱ्याच्या बापाची सही अंदाजाने मारू?"

गुरुवारी मीटिंग रूममध्ये निरोप समारंभ झाला. केक, समोसे, मॅनेजरचं भाषण, यल्ला, चला फोटो काढा, वगैरे. मेस्त्री मागच्या रांगेत मांडीवर हेल्मेट घेऊन बसले होते. सुरू होण्याआधी त्यांनी रुमाल रायनरच्या हातात दिला होता आणि दोघांमध्ये थँक यू पलीकडे काही झालं नव्हतं. रायनरनी आता वाद्य काढलं आणि तेच निरोपाचं गाणं वाजवलं.

ते हुबेहूब तसंच वाजलं. तीच थरथर, तेच आवरलेलं रडू. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रायनरचे डोळे ओले होते. मी मागे वळून मेस्त्रींकडे बघितलं आणि मान हलवून खूण केली, की नको. मला वाटत होतं, एवढं सुखरूप पार पडलंय, माणूस आनंदात चाललाय, खलास. मेस्त्रींनी माझ्याकडे बघितलं, आणि लोक समोशांकडे वळल्यावर उठून पुढे गेले.

त्यांचं इंग्रजी आधीच तोडकं, आणि त्या वेळी तर शब्द सापडत नव्हते. "सर, यू सेड ओन्ली वन. आय टच्ड ऑल," ते म्हणाले. मग खिशातून कॅलिब्रेशनचा फॉर्म काढला. त्यावर सोळा ओळी होत्या, सगळ्या लाल शाईत. एका रकान्यात शूटिंगवरून मोजलेल्या लाटा, दुसऱ्यात त्यांनी काय केलं, तिसऱ्यात आता किती ठेवल्यात. सोळाव्या ओळीत पहिल्या रकान्यात लिहिलं होतं, माहीत नाही. खाली सही होती.

रायनरनी फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. त्यांनी वाद्य ओठाला लावून तो एकच सूर वाजवला. समोशांच्या गलबल्यात तो फक्त आम्हा तिघांना ऐकू आला असेल. ते मेस्त्रींना हळू आवाजात म्हणाले की माझे वडील गेले तेव्हा मी इथे होतो, त्यांच्या हातचं माझ्याकडे एवढंच होतं. मग म्हणाले, "आय सेड ओन्ली वन." त्यांनी फॉर्मची घडी घातली, वाद्याबरोबर रुमालात ठेवली, आणि निघून गेले. मेस्त्रींनी हात पुढे केला होता. तो तसाच राहिला.

त्यांनी तो हात जरा वेळाने हेल्मेटवर ठेवला. मला त्या जर्मन माणसाचा राग आला, आणि त्याहून जास्त मेस्त्रींचा. न सांगता चाललं असतं, असं मी परतताना बसमध्ये त्यांना म्हटलंही. ते खिडकीतून डोंगरांकडे बघत राहिले.

त्यानंतर मेस्त्री आमच्याकडे येत राहिले, पण काहीतरी बदललं होतं, आणि ते काय हे कळायला मला महिना लागला. माझी इलेक्ट्रिक किटली बिघडली. त्यांनी बूड उघडलं, सुटलेली वायर जोडली, आणि बूड लगेच बंद करून किटली माझ्या हातात दिली. झाकणाची बिजागरी खिळखिळी होती, ती त्यांना दिसत होती. मी मुद्दाम ती त्यांच्यासमोर दोनदा वाजवून दाखवली. "सांगितलं होतंत ते झालं," ते म्हणाले आणि चहा न घेता गेले. ज्या वाक्याने इतकी वर्षं माझ्या पोटात गोळा यायचा, ते ऐकायला मी आसुसले होते. टर्मिनलवरही ते कागदावर लिहिलंय तेवढंच तपासू लागले होते. पंपासमोर थांबणं बंद झालं होतं. त्यांचं कॉन्ट्रॅक्ट फेब्रुवारीत संपणार होतं, आणि या वेळी ते वाढवून मागणार नाहीत असं कानावर आलं.

डिसेंबरात एका संध्याकाळी सुट्टी झाल्यावर मी लॉकरमधून फोन काढला, तर रायनरचा निरोप आलेला. गणपतीच्या आमंत्रणासाठी माझा नंबर त्यांच्याकडे होता. एक ऑडिओ क्लिप, आणि खाली एवढंच की ही मिस्टर मेस्त्रींसाठी आहे. ते बसच्या रांगेत उभे होते. मी काही न सांगता फोन त्यांच्या हातात दिला. काय असेल या भीतीने मी क्लिप आधी ऐकलीही नव्हती.

त्यांनी फोन कानाला लावला. मग खांद्याने तो दाबून धरून उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर ठेवली. मी जवळ गेले तेव्हा मलाही ऐकू येऊ लागलं. चार-पाच माउथऑर्गन एकत्र वाजत होते, म्हाताऱ्या माणसांचं हसणं, मग एकट्या रायनरचा. गाणं दुसरंच होतं, मी न ऐकलेलं, हळू लयीचं. थरथरत थरथरत ते वर चढलं आणि एका सुरावर येऊन थांबलं. त्या एका सुरात थरथर नव्हती. रायनरनी तो श्वास पुरेल तितका लांब धरला होता. मेस्त्रींची बोटं मनगटावर थांबली.

त्यांनी क्लिप तीनदा ऐकली. पाठीमागे बसचा पठाण ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

"सरळच ठेवलाय," शेवटी ते म्हणाले. "त्यांच्या गावात सूर लावणारे अजून आहेत गो बाय. फॉर्म होता त्यांच्याकडे. एका तासात लावून मिळाला असता."

  ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून, "यल्ला, मेस्त्रीसाब," अशी हाक मारली. त्यांनी हेल्मेट उचललं, पायरीवर चढले, परत उतरले, आणि माझा फोन मला देता देता कानाशी हलवून बघितला. स्पीकरमध्ये वाळू गेली आहे, आवाज फुटतोय, उद्या घेऊन ये म्हणाले.

माझा नवरा न्यायला येणार होता, म्हणून मी खालीच थांबले. ते बसमध्ये खिडकीशी जाऊन बसले. मी खालून विचारलं, "फक्त स्पीकर ना, काका?"

बस हलली. ते काच सरकवून हसले आणि काहीतरी म्हणाले. इंजिनाच्या आवाजात मला ते ऐकू आलं नाही, पण ओठांवरून कळलं. नेहमीसारखंच ते वाक्य अर्धंच होतं.